लविनाच्या कपकेकचे उष्मांक

लविनाच्या एका चॉकलेट कपकेकमध्ये दोनशे अठ्ठ्याण्णव उष्मांक असतात. हे शोधून काढायला मला एक तास दहा मिनिटं लागली आणि तिला सांगायला बेचाळीस दिवस. मधल्या काळात माझ्या स्वयंपाकघराचा पडदा जळाला, अर्ध्या पापडी गावात मी चोरून गोड खाणारा म्हणून बदनाम झालो, आणि एका चांगल्या मुलीच्या धंद्याचं जवळजवळ वाटोळं केलं. लोक विचारतात, सर, तुम्ही तर विज्ञानाचे शिक्षक, तुमच्याकडून असं कसं झालं? अहो, विज्ञानाचा होतो म्हणूनच झालं. मराठीचा असतो तर पहिल्याच दिवशी 'उत्तम' असा शेरा मारून मोकळा झालो असतो.

राखेच्या बुधवारचा दुसरा दिवस. संध्याकाळचे पाच. लविना स्टीलच्या डिशमध्ये एक कपकेक घेऊन दारात उभी. लविना म्हणजे मागच्या आळीतल्या सुझानची मुलगी. नववीला माझ्या वर्गात होती. विज्ञानात शंभरपैकी एक्केचाळीस, आणि त्यातले सहा मी वाढवलेले. अंधेरीतली ऑफिसची नोकरी सोडून सहा महिन्यांपासून ती घरीच केक करून विकत होती.

"सर, एक काम होतं. यात कॅलरी किती आहेत ते काढून द्याल?"

झालं होतं असं, की गोखिवऱ्याच्या एका कंपनीने तिला दीडशे कपकेकची ऑर्डर दिली होती. तिची पहिली मोठी ऑर्डर. ईस्टरनंतरच्या मंगळवारी कंपनीच्या आरोग्य सप्ताहाचा समारोप होता, त्यासाठी. आरोग्य सप्ताहाच्या समारोपाला चॉकलेट कपकेक हे कुणाच्या डोक्यातून निघालं, असं मी विचारलं. "निधी मॅडमच्या," लविना म्हणाली, "त्या एचआरला आहेत." तर या निधी मॅडमची अट अशी, की प्रत्येक खोक्यावर पोषणमूल्यांचं लेबल पाहिजे, आणि आकडे कसे काढले ते कागदावर दाखवायचं.

"मोबाइलवर बघितलं मी. एक ॲप म्हणतं एकशे ऐंशी, दुसरं म्हणतं चारशे दहा. म्हटलं, सरांनाच विचारू."

सरांनाच विचारू! निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली. या सात वर्षांत लोकांनी मला काय काय विचारलं? सिलेंडर आला का, तुमच्याकडची पण लाइट गेली का, आणि एकदा एका कुरियरवाल्याने विचारलं, घरात मोठं कुणी आहे का. मी चष्मा पुसला, वही काढली आणि तिला बसवून मैदा किती, साखर किती, लोणी किती, असा जबाबच घेतला. ती पाऊण तास बसली. नोकरी का सोडली, ओव्हनचा खालचा कॉइल कसा दगा देतो, आई कशी रोज एक टोमणा मारते, सगळं बोलली.

आता एक गोष्ट सांगून टाकतो. माझी बायको रेजिना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा केविन कॅनडात असतो, रविवारी फोनवर तोंड दाखवतो. रेजिना होती तेव्हा आमच्या ओटीवर कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. मला वाटायचं, आपल्या घराला मान आहे. ती गेल्यावर महिन्याभरात कळलं की ती सगळी माणसं तिच्याकडे येत होती, मी नुसता त्याच घरात राहत होतो. दोन वर्षांत त्या खुर्चीवर पाऊण तास बसलेलं पहिलं माणूस म्हणजे लविना.

ती गेल्यावर मी हिशेबाला बसलो. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला चार, स्निग्ध पदार्थ ग्रॅमला नऊ, भागिले बारा कपकेक. सात वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. दोनशे अठ्ठ्याण्णव. ताळा करून पाहिला, बरोबर. सवयीने आत हाक मारणार होतो, "अगं ऐकलंस का?" मग वही मिटली.

राहता राहिला तो कपकेक. आणि इथे माझी पंचाईत होती. दरवर्षी प्रायश्चित्तकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत, रेजिना चहा सोडायची. म्हणजे घरात चहाच व्हायचा नाही, मग मीही सोडल्यासारखाच, आणि पुण्य दोघांत निम्मं निम्मं. ती गेली त्या वर्षी मी काहीच सोडलं नाही, सोडण्यासारखं काही उरलंय असं वाटेना. या वर्षी मात्र ईस्टरपर्यंत गोड सोडायचं ठरवलं आणि कपाळावर राख घेऊन देवळातून बाहेर पडताना युजीनला तसं सांगून बसलो. युजीन हा माझा शेजारी, बँकेतून निवृत्त, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे राहतो. त्याला काही सांगणं म्हणजे देवळाच्या नोटीस बोर्डावर लावणं. म्हणजे नेम मोडायची सोय मी पहिल्या पाच मिनिटांतच घालवली होती.

लविनाला मी तेव्हाच सांगायला हवं होतं, बाळ, मला गोड चालत नाही. पण मग ती डिश घेऊन उठली असती. म्हणून तो कपकेक मी एका डबीत घातला, वर 'क्रमांक १' आणि तारीख लिहिली, आणि फ्रीजरमध्ये ठेवला. प्रयोगाचा नमुना फेकायचा नसतो, हे मी तेहेतीस वर्षं मुलांना सांगत आलोय.

दुसऱ्या दिवशी पाचला लविना हजर. "झालं, सर?"

तोंडात 'झालं' हा शब्द आला होता, खोटं कशाला बोलू. पण झालं म्हटलं की आकडा द्यायचा, आकडा दिला की ती 'थँक्यू सर' म्हणणार आणि पाच वाजून दोन मिनिटांनी मी पुन्हा एकटा. मी म्हणालो, "तसं नसतं ते. थोडं काम बाकी आहे. आणखी एक नमुना लागेल."

"आणलाय की," ती म्हणाली आणि तिने डिशवरचं झाकण काढलं. "कालचा कसा लागला?"

आली का पंचाईत! न खाल्लेल्या वस्तूची चव कशी सांगणार? 'छान' म्हणालो असतो तर विषय संपला असता. शिक्षकाच्या तोंडून 'छान' सहजासहजी निघत नाही हाही एक शाप आहे. मी डोळे बारीक करून म्हणालो, "चांगला होता. पण जरा कोरडा वाटला."

लविनाने हे मोबाइलमध्ये लिहून घेतलं. परीक्षेत इतकं लक्ष दिलं असतं तर सहा मार्क वाढवावे लागले नसते. तिसऱ्या दिवशी तिने दोन चमचे तेल वाढवून आणलं. आणि तेल वाढलं म्हणजे स्निग्धांश वाढला, स्निग्धांश वाढला म्हणजे सगळं गणित नव्याने. कपकेक बदलला की हिशेब पहिल्यापासून, आणि हिशेब आहे तोवर लविना येणार. हे लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी जेवणात पापड भाजला.

मग काय! रोज पाच वाजता नवा कपकेक, रोज माझा कालच्या कपकेकवरचा अभिप्राय. "साखर पुढे येते." "कोकोचा कडवटपणा मागे राहतो." "पोत हवा तसा नाही." पोत म्हणजे नक्की काय ते मला आजही ठाऊक नाही, दुपारी टीव्हीवर एक बाई म्हणाली होती. लविना बिचारी रोज लिहून घ्यायची. साखर कमी केली, दही घातलं, मैद्यात कणीक मिसळली, अंडं एक कमी केलं, मग दोन वाढवली. मी रोज गंभीरपणे मान हलवायचो आणि रात्री फ्रीजरमध्ये एक डबी वाढायची. आमच्याकडे आलेली डिश रिकामी परत करायची नाही हा रेजिनाचा दंडक, त्यामुळे रोज डिशमध्ये परसातली दोन वेलची केळी ठेवायचो. आठवड्यात घड संपला. मग बाजारातून आणून ठेवू लागलो, आणि लविना घरी जाऊन सांगायची, "सरांच्या केळीला काय केळी लागतात!"

दोन आठवड्यांनी भिंतीपलीकडून युजीनचं डोकं वर आलं. "आलू," तो म्हणाला. आलोशियसचं आलू त्याने शाळेत केलं, ते अजून शिजतंय. "आलू, रोज पाचला कपकेक येतो तुझ्याकडे. आणि तू तर गोड सोडलंयस."

"ते शास्त्रीय काम आहे."

"हो का? मग रविवारी तरी खा. रविवार प्रायश्चित्तकाळात मोजत नाहीत. बुधवारपासून मोजून बघ, चाळीस भरायला रविवार काढावेच लागतात." मग मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "एका कपकेकला बेचाळीस मिनिटं चालावं लागतं. तुझं पोट बघता तू चालत नाहीस."

शुक्रवारी देवळात क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेलो तर चौदापैकी तिसऱ्या स्थानापाशी दोन बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या. रविवारी फादरांनी मिस्साच्या प्रवचनात सांगितलं, की काही जण जगासमोर त्याग करतात आणि बंद दाराआड स्वतःचे लाड करतात. हे वाक्य फादर दरवर्षी म्हणतात, मी स्वतः पाच वर्षं ऐकलंय. पण या वेळी आमच्या बाकावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझं निर्दोषत्व माझ्या फ्रीजरमध्ये तारीखवार लावून ठेवलं होतं! युजीनला हाताला धरून आणायचं आणि दार उघडून दाखवायचं, की बस. पण फ्रीजर उघडला की तासाभरात लविनाला कळणार, सरांनी एकही खाल्लेला नाही. म्हणून मी खाली मान घालून अपमान गिळला. त्या चाळीस दिवसांत मी खरोखर खाल्लं असेल तर तेवढंच.

त्याच रविवारी केविनचा फोन आला. मी सगळा उद्योग मोठ्या उत्साहाने सांगायला घेतला. तो म्हणाला, "पपा, गूगल करा ना. पाच सेकंदांचं काम आहे." मग त्याला कुठेतरी जायचं होतं. पाच सेकंदांचं काम आहे हे मला का कळत नव्हतं? पण पाच सेकंदांनंतर काय करायचं, ते गूगलवर मिळत नाही.

याच सुमारास युजीनने लविनाला रस्त्यात गाठून सल्ला दिला, की घरच्या वहीवरचा हिशेब कंपनी मानणार नाही, प्रयोगशाळेचा दाखला लागतो. ती घाबरली. मी म्हणालो, घाबरू नकोस, मी जातो. गोखिवऱ्याला औद्योगिक गाळ्यांमध्ये एक खाजगी प्रयोगशाळा आहे, तिथे लविनाचे ताजे सहा कपकेक डब्यात घालून गेलो. सोबत बळीराम. बळीराम जूचंद्रचा, आमच्या शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई होता. आजही पंधरा दिवसांनी वाल नाहीतर सुकट घेऊन स्कूटरवरून येतो आणि दारातूनच परत जातो, कारण त्याला घरी नातवंडं असतात.

काउंटरवरच्या माणसाने डबा उघडूनही पाहिला नाही. "लेबल कुठाय?"

"लेबल बनवण्यासाठीच तपासणी हवी आहे."

"लेबल नसलेला नमुना घेत नाही आम्ही."

"बरं. लेबलवर काय काय हवं?"

"नाव, पत्ता, तारीख, पोषणमूल्यं."

"पोषणमूल्यं तुम्हीच काढून देणार ना?"

"हो तर. नमुना घेतल्यावर."

मी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याच्या आवाजात जराही राग नव्हता. फॉर्मवर पदार्थाचा प्रकार लिहायचा होता, बेकरी की मिठाई. मी बेकरी म्हणालो तर तो म्हणाला, वरती क्रीम आहे म्हणजे मिठाईत येईल, मिठाईचे साहेब सुट्टीवर आहेत. बाहेर येईपर्यंत कपकेकवरचं क्रीम वितळून झाकणाला लागलं होतं. खरं सांगू? मला आतून बरंच वाटलं. दाखला मिळाला असता तर सगळा खेळ संपला असता.

ते सहा कपकेक बळीरामने रस्त्याकडेला स्कूटर लावून एकेक करून खाल्ले. "बरे हायत, सर," तो म्हणाला, "पन केक वाटत नाय. चिकट लागतंय, पिठल्यासारकं."

मी म्हणालो, "तुला कळत नाही त्यातलं." त्याला कळत होतं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

"आपन जालून का नाय बघत?" बळीराम म्हणाला. "शालेत शेंगदाना जालायचो तसा?"

शाळेत आम्ही टाचणीला शेंगदाणा टोचून पेटवायचो आणि त्यावर परीक्षानळीतलं पाणी किती तापतं ते मोजून उष्मांक काढायचो. शेंगदाण्याला जे लागू ते कपकेकला का नको? शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. बळीरामने विटांवर पत्र्याचा डबा चढवला. "पानी किती घेऊ, सर?" हे वाक्य सात वर्षांनी ऐकलं आणि माझी छाती दोन इंच फुगली. लविना खुर्चीवर बसून व्हिडिओ काढत होती. घरात आम्ही तीन माणसं होतो! तीन!

पहिला कपकेक पेटेचना, नुसता धुमसत राहिला. दुसऱ्यावर बळीरामने चमचाभर रॉकेल ओतलं, "मदत म्हनून." तो पेटला. असा पेटला की ज्वाळा डब्याला वळसा घालून थेट खिडकीच्या पडद्यापर्यंत गेली. बळीरामने प्रयोगातलं पाणी पडद्यावर मारलं, मी थर्मामीटर वाचवला, आणि युजीन भिंत चढून बादली घेऊन आला आणि त्याने ती माझ्यावर रिकामी केली. धूर ओसरल्यावर मी ओल्या वहीत नोंद केली: एकसष्ट उष्मांक. "बाकीच्या?" लविनाने विचारलं. "बाकीच्या पडद्याला लागल्या," मी म्हणालो. ती इतकी हसली की खुर्चीवरून खाली बसली, बळीरामही हसला, मीही.

सगळे गेल्यावर तो पडदा काढला. निळ्या फुलांचा, रेजिनाने स्वतः शिवलेला. खालची अर्धी फुलं गेली होती. मी तो घडी करून कपाटात ठेवला आणि खूप वेळ तिथेच उभा राहिलो. तिला काय सांगणार होतो? मुलगी यावी म्हणून जाळला?

झावळ्यांचा रविवार गेला. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, लविना यायची, पण हसायची नाही. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. मी तरीही, देव मला क्षमा करो, मंगळवारी म्हणालो की 'समतोल बिघडलाय.'

बुधवारी ती आली ती डिशशिवाय. खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाली, "सर, मी ऑर्डर कॅन्सल करतेय."

"का गं?"

"मला जमतच नाही. काल मम्मीने एक घास खाल्ला आणि बेसिनमध्ये थुंकला. आधीची दोन गिऱ्हाइकंपण परत आली नाहीत. जुन्या ऑफिसमधून विचारलंय, परत येतेस का. सोमवारपर्यंत हो म्हणायचंय." मग तिचा आवाज फाटला. "तुम्ही होतात म्हणून कळलं तरी. घरचे सगळे नुसते छान छान म्हणायचे. तुम्हीच एकटे खरं बोललात."

ती गेली. मी तिला हाक मारायला हवी होती. मारली नाही, कारण भ्यालो. तेहेतीस वर्षांत मी कितीतरी मुलांना नापास केलं असेल, पण पेपर न वाचता कुणाला नाही. आणि ही मुलगी सहा आठवडे माझा शेरा डोळ्यांना लावून घेत होती, आणि मी एक शब्दही न वाचता तिला रोज नापास करत होतो. कशासाठी? तर पाऊण तास कुणीतरी समोर बसावं म्हणून.

पवित्र गुरुवारी सकाळी दहा वाजता तिला फोन करून बोलावलं. आली. मी फ्रीजर उघडला. एक्केचाळीस डब्या, क्रमांक आणि तारखेसकट.

तिने एक डबी काढली, मग दुसरी. "हे काय आहे?"

"तुझे कपकेक. मी गोड सोडलंय ना. ईस्टरपर्यंत."

"एकही खाल्ला नाही?"

"नाही."

"मग कोरडा कसा? पोत कसा? समतोल कसा बिघडला, सर?"

"तू रोज यावीस म्हणून," एवढंच म्हणालो.

"आणि कॅलरी?"

"त्या पहिल्याच दिवशी निघाल्या. दोनशे अठ्ठ्याण्णव." मी वहीचं पहिलं पान फाडून तिच्यासमोर धरलं. तिची मूळ मापं आणि सगळा हिशेब त्यावर होता. "याच मापाने कर. तुझं काही चुकलेलं नव्हतं."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पान घेऊन जायला लागली, आणि दारातून वळून म्हणाली, "मी रोज रडायची, सर. तुमच्याकडून घरी गेल्यावर."

ईस्टरला मिस्सा झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. युजीनने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "आता उघड खा." मी घरी येऊन क्रमांक एकची डबी बाहेर काढून ठेवली आणि दुपारी रेजिनाच्या जागी बसून तो कपकेक खाल्ला. अप्रतिम होता. सहा आठवडे गारठूनही मऊ.

मंगळवारी सकाळी सुझानच्या दारात टेम्पो लागला आणि खोकी चढली. मी खिडकीतून मोजली. खिडकीला पडदा नसल्याचा एवढाच फायदा. पुढची बातमी युजीनने भिंतीवरून दिली. आरोग्य सप्ताहात दीडशे कपकेक दहा मिनिटांत संपले, लेबल कुणीही वाचलं नाही. निधी मॅडमनी तेवढं वाचलं, अर्धा कपकेक बाजूला ठेवला, भाषण केलं, आणि भाषणानंतर तो अर्धाही खाल्ला. पुढच्या महिन्याची ऑर्डर तिथेच दिली. लविनाने जुन्या ऑफिसला 'नाही' असं कळवलं होतं.

मला फार आनंद झाला. पाच वाजले. कुणी आलं नाही. बुधवारी पाच वाजले, गुरुवारीही वाजले. शुक्रवारी मी दार उघडंच ठेवलं, एक मांजर येऊन गेलं.

पुढच्या सोमवारी चपला घातल्या आणि निघालो. सुझानचं घर माझ्या दारापासून साठ पावलांवर आहे, आणि दोन वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नव्हतो. मानाचा माणूस ना मी! बोलावल्याशिवाय कसा जाणार? वाटेत तीन कारणं तयार केली. फ्यूज मागायचा, पंचायतीच्या विहिरीचं विचारायचं, लेबल बरोबर छापलंय का ते पाहायचं.

सुझानने दार उघडलं. "या, सर. काय काम होतं?"

तिन्ही कारणं एकदम विसरलो. म्हणजे विसरलो नाही, पण नको वाटली. "काम काही नाही," मी म्हणालो. "घरात एकट्याला बसवत नाही, म्हणून आलो."

सुझानने खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले. आतला बीटर थांबला. लविना हाताला पीठ लागलेलं तशीच बाहेर आली, आणि मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "रोज येणार?"

"आलो तर चालेल?"

"रोज नको," ती म्हणाली. "मला कामं असतात, सर, आणि माझा राग अजून गेलेला नाही. सोमवारी आणि गुरुवारी या. पाच वाजता. पण माझ्या समोर बसून खायचं, आणि काय वाटलं ते तिथेच सांगायचं."

मी दोन्ही वार घेतले. आता महिना झाला, एकही खाडा नाही. सोमवारी जातो, गुरुवारी जातो, पाऊण तास बसतो, सुझान कधी कधी तासभर बसवते.

आज शुक्रवार आहे. म्हणून तुम्हाला धरून एवढं सगळं सांगत बसलो.